हलिमाभाभींचा सोमवार

पळसदरीत आमची सुट्टी सोमवारी असते. शनिवार-रविवार बंगल्यांवर मुंबईचे पाहुणे उतरतात आणि गावातल्या निम्म्या बायका त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत असतात. कुठे फिरायला जायचं तर सोमवारीच. त्यामुळे हलिमाभाभींनी आम्हा बायकांची अजिंठ्याची सहल ठरवली, तेव्हा वाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

हलिमाभाभी बंगल्यांवर जेवण पुरवतात. इतक्या वर्षांत त्यांनी एक ऑर्डर चुकवली नाही आणि कुणाच्या हाती सोपवलीही नाही. सून लुबना लग्न होऊन आल्यापासून त्या स्वयंपाकघरात आहे. कांदा चिरते, वाटण करते, पण कालवणात मीठ पडतं ते भाभींच्याच हाताने. मी एकदा म्हटलं, "भाभी, मुलगी हुशार आहे." त्या म्हणाल्या, "म्हणून तर कांदा तिच्याकडे दिलाय."

तर रविवारी पाहुण्यांची जेवणं उरकून आम्ही निघालो आणि सोमवारी सकाळी लेण्यांच्या फाट्यावर उतरलो. गाडी चालवायला भाभींचे मिस्टर, सिराजभाई. चहावाल्याने कप पुढे करता करता विचारलं, "आज कशा आलात ताई? सोमवारी लेणी बंद असतात."

आम्ही सगळ्यांनी भाभींकडे बघितलं. शेवटी आमच्या शेजारच्या कोंडाणे गावच्या बायजामावशी म्हणाल्या, "आमच्या कोंडाण्याच्या लेण्यात शेळ्या बी कवाही जाऊन बसतात. लेण्याला सुट्टी असते, ह्ये आमाला काय म्हाईत?"

"मी हिला विचारलं होतं, उघडं असेल ना म्हणून," सिराजभाई म्हणाले. "तर म्हणते, डोंगराला काय कुलूप लावतात?"

सगळ्या हसल्या. भाभी हसल्या नाहीत.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आज इथे राहू, उद्या बघून निघू. कोणाला अडचण आहे?"

आम्ही घरी फोन लावले. माझ्या घरी थोडी कुरकुर झाली, मग जमलं. मावशींच्या म्हशीची सोय त्यांच्या नातवाने, अक्षयने, केली. आता सगळं ठरलं असं वाटत होतं, तेवढ्यात सिराजभाई हळूच म्हणाले, "अडचण तुझीच आहे. उद्या दुपारी धरणाजवळच्या बंगल्यावर ऑफिसची माणसं जेवायला आहेत."

भाभींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "राहू दे भाभी, परत जाऊ. चित्रं काय, पुन्हा कधीतरी बघू."

"तुम्हाला चित्रं दाखवायला आणलंय. फाट्यावरचा चहा पाजून परत नेऊ?" त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "लुबना, उद्याचं जेवण तुझ्याकडे. ऐक, कोंबडी आधी..."

"अम्मी," पलीकडून लुबना म्हणाली, "इतके दिवस मी काय नुसत्या कांद्याकडे बघत होते का?"

"ऐकलंस गं?" बायजामावशी म्हणाल्या. "आता ठेव फोन."

भाभींनी ठेवला, पण संध्याकाळपर्यंत चारदा पुन्हा केला. वाटणात खोबरं किती, भाकरीचं पीठ कुठल्या डब्यातलं. लुबना दर वेळी फक्त "हो अम्मी" म्हणे, आणि त्याचीच भाभींना जास्त काळजी.

मंगळवारी चपला बाहेर काढून पहिल्या लेण्यात शिरलो. आधी नुसता अंधार. मग डोळे सरावले तसा भिंतीतून एक हात वर आला, हातात कमळ, मग खाली झुकलेली नजर. आम्ही सगळ्या एकेक पाऊल पुढे सरकलो.

बायजामावशी त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "मान खाली कशापाई रं बाबा? कोन काय बोललं तुला?" एवढंच म्हणाल्या, आणि पदर नीट केला.

भाभींची नजर मात्र मुठीतल्या फोनवर. पुढे एका लेण्यात आरशात बघणारी राणी आहे, बाजूला तिच्या दासी. भाभी तिथे थांबल्या.

"हिला नटवायला किती जणी," त्या म्हणाल्या. "हिला स्वतःला काय येत असेल?"

"उभं ऱ्हाता येतं," मावशी म्हणाल्या. "तुला त्येवढंच जमत नाय."

भाभींनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. पण फोन पर्समध्ये गेला आणि त्या राणीसमोरच उभ्या राहिल्या. गळ्यातली माळ, केसांची गुंफण, बोटांची ठेवण, सगळं सावकाश बघितलं. मला दाखवलं सुद्धा.

बाहेर आलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पर्समधला फोन वाजला.

"जेवले सगळे," लुबना म्हणाली. "कालवण दोनदा मागून घेतलं. नारळ जरा जास्त घातला होता मी."

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारणार अम्मी? तुम्ही लेण्यात होता."

भाभींनी मागे वळून लेण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वाटीभर ठेव माझ्यासाठी. आणि आता जरा आडवी हो, दमली असशील."

सिराजभाई घड्याळ दाखवत म्हणाले, "निघायचं ना? घरी पोचायला उशीर होईल."

"होऊ दे," भाभी म्हणाल्या. "लुबना आहे घरी." आणि आम्हाला मागे टाकून त्या राहिलेल्या लेण्यांकडे चालू लागल्या.