बदकाची तंगडी आणि शमुवेल मास्तर

राहात्याजवळच्या एका वस्तीवर शमुवेल मास्तर मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घेत. कुणी काही विचारलं की मास्तर सांगत नसत, करून दाखवत. पृथ्वी फिरते हे दाखवताना ते गरगरून आडाच्या कठड्यावर आपटले होते. त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, टेंगळाला आठ दिवस हळद लावली आणि पृथ्वीला शिव्या घातल्या.

सेहेचाळीस सालच्या जानेवारीत मात्र हळदीवर भागणार नव्हतं. आदल्या हिवाळ्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला होता. पुन्हा झाला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मार्थाबाईंना बाजूला घेऊन बजावलं होतं. अशात वर्गातल्या कडूबाईनं विचारलं, "मास्तर, बदकं दिसभर पाटाच्या पान्यात हुबी ऱ्हात्यात, ती गारठत कशी न्हाईत?"

मास्तरांचे डोळे चमकले.

रविवारची उपासना सुटल्यावर प्रयोग मांडला. चर्च म्हणजे बदकाचं पोट, पाट म्हणजे पाऊल, मधली पायवाट म्हणजे तंगडी. "पोटातलं ऊन रक्त खाली जातं, पावलातलं गार रक्त वर येतं," मास्तर म्हणाले. "रक्ताच्या दोन्ही नळ्या खेटून, पण तोंडं उलटी. जाणारं रक्त आपली ऊब येणाऱ्याला देऊन टाकतं. ती पोटात परत जाते, पाण्यात वाया जात नाही."

उबेच्या जागी घोंगड्या घेतल्या. खाली निघालेल्यानं वाटेत भेटणाऱ्याला आपली घोंगडी द्यायची, हा नियम. पाऊल व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मास्तर स्वतःच धोतर खोचून पाटात उतरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रयोग दृष्ट लागावी असा चालला. वर्गातला बन्सी चर्चमधून घोंगडी घेऊन निघे, वाटेत पाटाकडून वर येणाऱ्या छगनला देई आणि उघडाच खाली पोचे. छगन तीच पांघरून चर्चमध्ये शिरे. तासाभरात चर्चमध्ये घोंगड्यांचा ढीग झाला आणि पाटापर्यंत एक धागाही पोचला नाही. मास्तरांचे ओठ निळे पडले होते. "पाहा, किती बरोबर चाललंय," ते दात वाजवत म्हणाले.

मार्थाबाई ढिगातली एक घोंगडी उचलून तंगडीतून खाली निघाल्या. वाटेत चौघांनी नियमानं हात पुढे केले. त्यांनी कुणालाच दिली नाही. थेट पाण्यात उतरून त्यांनी ती नवऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"प्रयोग बिघडवलास," मास्तर कळवळून म्हणाले.

"बिघडू द्या. रगत माघारी येतं, अवो. मानूस येत न्हाई."

सगळ्या वस्तीसमोर मास्तरांनी मार्थाबाईंचा हात धरला आणि दोघं पाण्यातून वर आली.