धवल्यातल्या मोकळ्या जागा

“सर, आयच्या पाठी कुत्रा लागलाय का?”

वनिताताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. नौपाड्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत आम्ही दोघेच होतो. मी म्युझिक प्रोग्रामर आहे, म्हणजे वादक न बोलावता कॉम्प्युटरवर ढोलकी, ताशा, ड्रम बसवून देतो. ताईंनी मोबाईलमधलं एक रेकॉर्डिंग आणून दिलं होतं. त्यांची आई डोंबिवलीजवळच्या गावात धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीला धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई. दिवाळीनंतर ती गेली. आता नातीची हळद दोन दिवसांवर आली होती, आणि धवला आजीच्याच आवाजात व्हावा, असा नातीचा हट्ट होता.

“नुसता आवाज लावला तर डीजेवाली पोरं लगेच बंद करतील,” ताई आधीच म्हणाल्या होत्या. “खाली जरा बीट टाका.”

मी टाकला होता. स्वच्छ, नेमका.

“काय चुकलं?” मी विचारलं.

“आय अशी नव्हती गात. ही धापा टाकते. असंच असेल तर राहू दे, सर. पोरीला सांगते, नाय जमलं.”

कॉम्प्युटरवर ठेका बसवताना पडद्यावर सारख्या अंतराच्या उभ्या रेघा दिसतात. त्या ग्रिडच्या. प्रत्येक थाप उचलून बरोबर रेघेवर ठेवणं म्हणजे क्वांटाइज करणं. आजींचा आवाज रेघांवर बसेना, म्हणून मी तोही ओढून बसवला होता. शिवाय त्या प्रत्येक ओळीनंतर थांबत होत्या. कधी थोडं, कधी बरंच. वय झालेलं, पुढची ओळ आठवत असतील, असं समजून मी त्या जागा कापल्या होत्या.

मूळ रेकॉर्डिंग लावून मी ताईंना एक जागा दाखवली. “इथे त्या विसरल्या का?”

ताई हसल्या. “आय विसरेल? झोपेत म्हणायची. धवला एकटीनं नाय म्हणत, सर. ती ओळ म्हणते, मग बाकीच्या बायका तीच ओळ मागून म्हणतात. तोवर ती थांबते.”

“पण इथे तर कुणीच नाही.”

“आजारी होती. खाटेवर बसून म्हटलंय. मी मोबाईल धरलेला. तरी थांबायची.”

माझी पत्नी गेली त्याला वर्ष होत आलं. सकाळी पेपरातली एखादी बातमी मी अजून मोठ्याने वाचतो आणि मग थोडा थांबतो. 

कापलेल्या जागा परत आणल्या. ग्रिड बंद केला. आमच्याकडे बोटांनी वाजवायचं एक रबरी पॅड असतं. त्यावर ढोलकीचा आवाज घेतला आणि आजींचं ऐकत वाजवत गेलो. त्या रेंगाळल्या की थाप रेंगाळली. नंतर एकही थाप सरळ केली नाही. थापेच्या जोराला आम्ही व्हेलॉसिटी म्हणतो. मोकळ्या जागांत ती कमी ठेवली, समोरच्याचं ऐकू यावं म्हणून वादक हात आवरतो तशी.

ताईंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. “ही आय,” एवढंच म्हणाल्या.

“या जागांमध्ये कोरस भरू?”

“कशाला? तिथं आम्ही असू ना.”

हळदीला मला आमंत्रण होतं. मांडवात स्पीकरवर पहिली ओळ आली आणि बोलणं थांबलं. पहिली मोकळी जागा तशीच गेली. नुसती ढोलकी, हळू. कोरस भरायला हवा होता, असं मला वाटून गेलं. दुसऱ्या जागेला हळदीने माखलेल्या हातांनी वनिताताई एकट्याच गायल्या आणि अर्ध्यात अडकल्या.

मागच्या खुर्चीतून त्यांची मावशी म्हणाली, “वनिते, नीट म्हण गं. ऐकतेय ती.”

तिसऱ्या जागेला मावशीने ओळ उचलली, आणि तिच्यामागे सगळ्या बायकांनी. पुढची ओळ आजींनी वेळेवर घेतली. धवला संपेपर्यंत पाटावर बसलेली नवरी जागची हलली नाही.

हल्ली कुणाचं रेकॉर्डिंग आलं की गाण्याचा वेग मी नंतर मोजतो. आधी विचारतो, गाणारा कुणाबरोबर गायचा? क्लायंटना प्रश्न विचित्र वाटतो आणि कामाला वेळ जास्त लागतो. पण काम दुरुस्तीला परत येत नाही.