पहिल्या भागाचे दोन तुकडे

लग्न ठरलं तेव्हा आम्हा दोघांना एकमेकांना विचारण्यासारखं फारसं काही सुचलं नव्हतं, आणि लग्नानंतरही तसंच चालू राहिलं. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर, बदलत्या शिफ्टमध्ये. मी नाशिक रोडला एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. बोलणं म्हणजे गॅस लावला का, दूध आणलं का, किल्ली शेजारी ठेवली आहे. भांडण नव्हतं. भांडायला लागते तेवढी ओळखही नव्हती.

ती कादंबरी मी पुस्तकांच्या प्रदर्शनातून आणली. इंग्रजीतून मराठीत आलेली, उशीएवढी जाड. पहिल्याच पानावर एका नसलेल्या देशाचा नकाशा होता: डोंगर, दोन नद्या, बर्फातली एक खिंड आणि कोपऱ्यात नुसताच रिकामा कागद. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात ‘भाग पहिला’. माझं माहेर सिन्नरचं, तिथल्या वाचनालयातल्या रहस्यकथा मी संपवल्या होत्या, पण असलं काही वाचलं नव्हतं. पहिली शंभर पानं कोण कुणाचा कोण, यातच गेली. नव्या सासरी जावं तसंच ते होतं. चुलते, मामा, जुनी वैरं, कुणासमोर कोणता विषय काढायचा नाही. फरक एवढाच, की इथे विसरलं तर मागची पानं उलटून बघता यायचं.

एका सुट्टीच्या दिवशी टीव्हीचं रिचार्ज संपलं होतं म्हणून नवऱ्याने ते पुस्तक उचललं. वर्तमानपत्रापलीकडे तो काही वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक घरात नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये वाचायला तो घेऊन गेला होता.

“तुमचं होईपर्यंत मी काय करू?” मी संध्याकाळी विचारलं.

त्याने थोडा विचार केला, पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि कटरने मधोमध कापलं. मी पुस्तकांना खाकी कव्हर घालणारी बाई. मी बघतच राहिले. दोन्ही तुकड्यांच्या पाठीला त्याने सरळ, एकही सुरकुती नसलेली टेप लावली आणि मागचा तुकडा माझ्या हातात दिला. “घे. तू पुढे आहेस.”

मी दोन दिवस धड बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, “तो म्हातारा प्रधान खरा आहे की खोटा?”

“वाचा.”

“हो की नाही, एवढंच सांग.”

“वाचा म्हटलं ना.”

आमची जेवणं लांबायला लागली ती तेव्हापासून.

त्या गोष्टीत राजा मरतो आणि दोन मुलं मागे राहतात. दरबारातल्या काहींना धाकटा हवा असतो. घरात रक्त सांडू नये म्हणून धाकटा एक घोडा घेऊन खिंडीच्या वाटेने निघून जातो. मला ते फार मोठं वाटलं होतं. नवरा त्या पानापर्यंत आला तेव्हा मी तसं म्हटलंही. “केवढा त्याग!”

नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. “त्याग कसला? त्याला जायचंच नव्हतं. वेशीपर्यंत गेला तेव्हा भावाने थांब म्हणायला पाहिजे होतं.”

“पुस्तकात तसं नाहीये.”

“नसेल. पण असतं तसंच.”

मखमलाबादच्या पुढे त्याच्या घरचं फुलांचं शेत आहे, झेंडूचं आणि शेवंतीचं. ते मोठे दीर बघतात. नोकरीची आवड म्हणून हा शहरात आला, असं मला लग्नात सांगितलं होतं. मी विचारलं, “तुम्हाला कुणी थांब म्हणालं नाही?”

“बोलाबोली झाली. मी म्हणालो, जातो. दादा म्हणाला, जा.” मग त्याने आमटी मागून घेतली.

पहिला भाग संपतो तो धाकटा बर्फात एका बंद दारासमोर उभा असताना. नवऱ्याने शेवटचं पान वाचलं आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला फोन लावला. एक बाई नम्रपणे म्हणाल्या, पहिल्या भागाला मागणी नाही, दुसरा मराठीत काढायचं ठरलेलं नाही.

“अहो ताई, तो माणूस बर्फात उभा आहे,” तो म्हणाला.

दसऱ्याच्या आधी आम्ही शेतावर फुलं तोडायला जातो. दोघा भावांचं बोलणं भाव आणि टेम्पो यापुढे जात नसे. त्या वर्षी शेडमध्ये झेंडू क्रेटमध्ये भरताना जाऊबाईंनी विचारलं, पुस्तक कापलं म्हणे, एवढं काय होतं त्यात? नवरा सांगायला लागला. तो इतकं छान सांगतो हे मला माहीत नव्हतं. दीर पाठ करून क्रेट बांधत होते. खिंडीपाशी येऊन तो थांबला.

“मग?” दिरांनी मागे न बघता विचारलं.

“मग काय, संपलं. पुढचं मराठीत नाय आलं.”

“असं कसं? त्या मोठ्यानं माणसं नाय पाठवली हुडकायला?”

“लिहिलेलं नाय तसं.”

दिरांनी सुतळीची गाठ आवळली. “पाठवली असतील. लिहिणाऱ्याला ठाऊक नसंल.”

तेवढ्यात टेम्पो आला आणि सगळे उठले. त्या दिवशी त्यापलीकडे काही झालं नाही. पण नंतर दीर अधूनमधून फोन करायला लागले. कारण काहीतरी असायचं, मेथी पाठवतोय, नाहीतर पाण्याची मोटार बिघडली, तू बघशील का. नवरा सुट्टीला जाऊन मोटार बघून यायचा.

दुसरा भाग मी इंग्रजीत मागवला. फोनवर शब्दांचे अर्थ बघत हळूहळू वाचला आणि रोज जेवताना मराठीत सांगितला. त्यात मोठा भाऊ खरंच माणसं पाठवतो, पण धाकट्याला साखळदंड घालून आणायला.

“दादाला नको सांगू,” नवरा म्हणाला.

आता आमचा चौथा भाग चालू आहे. मला विचाराल तर पहिल्याची सर पुढच्या एकालाही नाही. पहिल्या भागात कुणाचंच काय होणार ते ठरलेलं नसतं. चांगला बिघडू शकतो, वाईट सुधारू शकतो, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या कागदावर काहीही असू शकतं. पुढे एकेक जागा भरत जाते. नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते तिसरा सगळ्यात भारी, कारण त्यातला किल्ल्याचा वेढा. मला लढाया कळत नाहीत, असं तो म्हणतो, आणि मग ताटातल्या वाट्या मांडून कोणती फौज कुठून आली ते समजावून सांगतो.