मोठ्या आईचा सत्कार

आमच्याकडे माणूस नकोसा झाला की त्याचा सत्कार करतात. शाल, हार, चार भाषणं आणि मग ‘आता आराम करा’. माझ्या मोठ्या आईचा, म्हणजे वडिलांच्या वहिनीचा, असाच सत्कार ठरला तेव्हा माझं डोकंच सणकलं.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात धानाची गिरणी चालवणारी ती पहिली बाई. मोठे बाबा गेले तेव्हा गिरणी विकून टाक म्हणायला अर्धं गाव सांत्वनाला येऊन गेलं. तिनं सगळ्यांना चहा पाजला आणि गिरणी सुरू केली.

गिरणीत गडीमाणसं सकाळीच येऊन रांगेत नुसता खांद्यावरचा दुपट्टा टाकायची आणि पानठेल्यावर जाऊन बसायची. धान मागाहून, फुरसतीनं. बाया डोक्यावर पोतं घेऊन आल्या तरी त्यांचा नंबर दुपट्ट्यांच्या मागं! त्यांनी कुरकुर केली तेव्हा एक पुढारी गरजला, “कापड पडलं का नंबर पक्का! नवीन कायदा काऊन काढून राह्यल्या?”

“नाई भाऊ, तुमचाच कायदा,” मोठी आई म्हणाली. मग बायाही आदल्या दिवशीच जुन्या लुगड्यांचे तुकडे टाकून जाऊ लागल्या. पुढाऱ्याच्या घरी म्हणे बरेच दिवस दुकानातला तांदूळ शिजला.

पुढं ती गावच्या बुद्धविहार समितीची अध्यक्ष झाली. विहाराच्या दर्शनी खोलीत तिनं अभ्यासिका काढली. ज्यांना घरात पुस्तक घेऊन बसू देत नाहीत, अशा पोरी तिथं पोलीस भरतीचा, नर्सिंगचा अभ्यास करतात. पुढाऱ्याला, आता समितीच्या उपाध्यक्षाला, त्याच जागी दुकानाचे गाळे हवे होते. मोठी आई खुर्चीत असेतोवर ते जमणार नव्हतं. म्हणून सत्कार.

बॅनरवर उपाध्यक्ष हात जोडून, त्यांचे दोन भाऊ मोबाईल कानाला लावून आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी मोठी आई. वंदना झाली. भाषणं सुरू झाली. तिच्या कष्टाचं इतकं कौतुक, की ती वारली की काय असं वाटावं. शेवटी उपाध्यक्षांनी तिला शाल पांघरली आणि माईक धरला.

“बाई आता थकल्या. त्याह्यले आराम पाहिजे. आजपासून अध्यक्षपदाचा भार मी उचलून राह्यलो.”

टाळ्याही झाल्या. गाळेवाल्यांच्याच. मागं बसलेल्या पोरींचे चेहरे उतरले. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. आणि ही बाई हसत होती!

ती उठली. अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि आपल्या खुर्चीवर ठेवली. उपाध्यक्ष बसायला अर्धे वाकलेच होते.

“थांबा भाऊ. पोरींच्या खोलीतला लाईट गेला हाय, तेवढा पाहून येते. कापड पडलं हाय.”

मग मागून एक म्हातारी ओरडली, “कापड पडलं का नंबर पक्का!” आणि सगळ्या बाया एका सुरात तेच म्हणू लागल्या. गडीमाणसं खाली पाहत बसली. जन्मभर पाळलेला आपलाच कायदा, मोडणार कसे?

उपाध्यक्ष कमरेत वाकलेले ते हळूहळू सरळ झाले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. उरलेल्या सगळ्या त्यांच्याच माणसांनी धरलेल्या.

मोठी आई सावकाश परत आली. शाल उचलून मांडीवर घेतली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “हं. पुढचा विषय?”