बॉलपेनने भरलेला शब्द

“तुयं काम हलकं केलं वं!”

नागपुरात आमच्या बेसाच्या फ्लॅटसमोर राहणारे काका रोज सकाळी एवढं म्हणत, पेपर काकूंच्या मांडीवर टाकत आणि बॉलपेन खिशाला लावत. पेपरातल्या शब्दकोड्यात त्यांनी एकच शब्द भरलेला असे. तो बहुधा चुकीचा असे.

तुमच्याही आसपास असं कोणी असेलच. दुसऱ्याचं बारीकसं सुख यांच्या डोळ्यांत खुपतं. खालच्या मजल्यावरचे बँकवाले रविवारी कोपऱ्यावरच्या ठेलेवाल्याकडून तर्री-पोहे आणायला निघाले, की काका त्यांना जिन्यात गाठून सांगत, “काल त्याच्या तर्रीत पाल निघाली म्हणते गा.” माझी मुलगी रात्रीची मॅच सकाळी बघायला बसली, की हे दारातूनच निकाल सांगून जात. वर म्हणत, “वेळ वाचवला पोरीचा.” माणूस विनोदी आहे, असं आमच्या बिल्डिंगचं मत होतं.

काकूंना मात्र हसू येत नसे. स्वयंपाक आवरला की पंख्याखाली बसून, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन कोडं सोडवायचं, दिवसातला एवढाच तुकडा त्यांचा स्वतःचा होता. काका नेमका तोच नासवत, आणि नासवायलाही डोकं लावत. ‘आंबट फळ, दोन अक्षरं’ याचं उत्तर ‘चिंच’ असेल, तर हे ‘लिंबू’ लिहीत. कधी मुद्दाम बरोबर शब्द लिहीत, म्हणजे भरवसा कशावर ठेवावा तेही कळू नये.

“काका, काहून करता असं?” मी एकदा विचारलंच.

“सवय लागून राहिली ना तिले. बाईमाणसानं एवढं गुंतणं बरं नाई.”

मग मी काकूंना आमचा पेपर द्यायला लागले. थोडे दिवस त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून खुशीत कोडं सोडवत होत्या. काकांना पत्ता लागला आणि ते भल्या सकाळी आमच्याकडे ‘पेपर चाळायला’ यायला लागले, बॉलपेनसकट. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की त्यांच्या चहात मी साखर घालत नसे. ते तोही आवडीने पीत.

गेल्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही.

काकूंनी त्यांचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, कशात कसूर नाही. हातातलं काम संपलं की त्या कॉटशेजारी खुर्ची ओढून कोडं घेऊन बसत. बघायला येणारे म्हणत, काय बाई आहे, नवऱ्याचं मन रमावं म्हणून मोठ्याने वाचते. मीही तसंच समजत होते.

एक दिवस मी मोसंबी घेऊन गेले. काकू वाचत होत्या, “भंडाऱ्याजवळची नदी. चार अक्षरं.”

काकांचे डोळे चमकले. वाकडे ओठ हलले. “व... व...”

“सांगा ना, कोणती?” काकू थांबल्या. चांगल्या थांबल्या. मग पेपर त्यांच्या डोळ्यांसमोर धरून त्यांनी बॉलपेनने सावकाश लिहिलं, ‘पैनगंगा’.

काकांचा डावा हात गादीवर आपटायला लागला. घशातून नुसता आवाज, डोळ्यांतून पाणी. काकूंनी पदराने ते हलकेच टिपलं.

“उगी, उगी. दमू नका,” म्हणाल्या, आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.

मला काकूंची भीती वाटली. काकांची त्या दिवशी पहिल्यांदा दया आली.

दिवाळीनंतर काका गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात पेपर तसाच पडलेला दिसला. मी तो आत नेला, कोड्याचं पान वर काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “काकू, आता सोडवा निवांत. कोणी हात लावणार नाही.”

त्यांनी कोऱ्या चौकोनांकडे पाहिलं, मग रिकाम्या कॉटकडे.

“राहू दे वं,” त्या म्हणाल्या. “आता काय मजा त्याच्यात!”