न उडणारे दिवे आणि बशीरभाई

तक्रारींचा फोन उचलायची नोकरी एकदा करून बघा, आयुष्यभर गप्पांना विषय कमी पडणार नाही! कतारमधल्या अल गराफा भागातल्या एका व्हिला कंपाउंडच्या मेंटेनन्स ऑफिसात मी नऊ वर्षं हेच केलं. रजिस्टरात फक्त व्हिला नंबर, तक्रार आणि वेळ लिहायची. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं. मी सांगायला बसले की नवरा म्हणतो, "झाली सुरू! चहा आता मीच टाकतो." टाकू दे. तेवढ्यात माझं सांगून होतं.

आमच्याकडे बत्तीस व्हिला, त्यातली सहा घरं मराठी. एकेका व्हिलात चाळीस-चाळीस पिवळे बल्ब, सगळे पेचाचे. रोज कुठे ना कुठे एखादा उडायचाच. मग बशीरभाई शिडी घेऊन निघायचे. बशीरभाई म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन, रत्नागिरीकडचे, कतारात चोवीस वर्षं काढलेले. बल्ब बदलायला पाच मिनिटं, चहाला पाऊण तास! सहा नंबरच्या देवधरांकडे आज बटाटेवडे आहेत, हे चौदा नंबरच्या शुभाकाकूंना बशीरभाईंकडूनच कळायचं.

*

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला सव्वा वर्ष राहिलं होतं. जिकडे तिकडे रस्ते खणलेले, आज इथून वळा, उद्या तिथून. अशात हेड ऑफिसचं पत्र आलं: सगळ्या व्हिलांत एलईडी लावा.

आमचे मॅनेजर नबील सर जॉर्डनचे, फार कडक. त्यांना हसताना कोणी बघितलेलं नाही. त्यांनी पत्राची शेवटची ओळही वाचून दाखवली. दिवे बदलले की कंपाउंडला दोन इलेक्ट्रिशियन लागणार नाहीत. दुसरा होता तो तरुण, एसीचंही काम करायचा. जाणार कोण, ते न सांगताच कळलं. बशीरभाईंचं कॉन्ट्रॅक्ट जूनपर्यंत आणि वर्ल्ड कप नोव्हेंबरात!

गावी परत जायचं त्यांना दुःख नव्हतं हो. पण हा माणूस तरुणपणी खाडीकाठच्या गावाचा गोलकीपर. पेनल्टी अडवताना करंगळी कायमची वाकडी करून घेतलेली.

"बाय," मला म्हणाले, "सगळे वर्ल्ड कप टीव्हीवर बघितले. आता तो स्वतः आपल्या बाजूच्या रय्यानला येतो हाय, आणि मी पाच महिने आधी निघून जाऊ?"

नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

*

आणि गंमत बघा, एलईडीची सगळ्यात मोठी जाहिरात केली ती बशीरभाईंनीच!

शुभाकाकू ऐकायलाच तयार नव्हत्या. "जुना दिवा कसा घरातला वाटतो," म्हणे. बशीरभाईंनी दोन्ही दिवे शेजारी शेजारी लावले. "काकू, ह्याला हात लावा. त्या जुन्याला नको, भाजेल! वीज आपण उजेडासाठी घेतो ना? तो मेला निम्म्याहून जास्त गरम होण्यातच घालवतो."

"आणि हा उडतो कधी?"

"तुमची नात शाळेत जाईल तवर तरी नाय."

नात तेव्हा रांगत होती. काकूंनी लगेच होकार दिला.

मला कळल्यावर मी त्यांना झापलंच. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? थोडं वाईट बोला ना त्याच्याबद्दल!"

"चांगल्याला वाईट कसा म्हणू गो?" म्हणाले आणि शिडी उचलून पुढच्या घरी गेले.

*

ऑक्टोबरात देवधरांचा फोन. "एसी बिघडलाय. घरात थंडी वाजतेय!"

देवधर म्हणजे गॅस प्लांटवरचे सीनियर इंजिनिअर. बशीरभाई जाऊन बघतात तर साहेब स्वेटर घालून सोफ्यावर! बाहेर अंग भाजणारं ऊन.

"साहेब, एसी बरोबर हाय. छतातल्या चाळीस शेगड्या विझल्या तुमच्या! आता एसी दोन पॉइंट वर ठेवा."

हे मला देवधरवहिनींनी सांगितलं. देवधरांनी अजून सांगितलेलं नाही.

देवधरांची एक सवय म्हणजे खोलीखोलीतून दिवे बंद करत फिरायचं. मुलगी वैतागायची. "बाबा, it's LED! Let it be!"

"एलईडी असला म्हणून काय, सूर्य आहे का आपल्या घरचा?" असं म्हणून खट्‌!

*

वहिनींची वेगळीच तऱ्हा. पहिल्या लॉटमध्ये किचनला पांढरेशुभ्र दिवे आले. त्या उजेडात वरण फिकं दिसायला लागलं, म्हणून वहिनींनी हळद वाढवली. तरी फिकंच. आणखी वाढवली. चौथ्या दिवशी देवधरांनी ताटाकडे बघून विचारलं, "घरात कोणाचं लग्न निघालंय का? हळद उरकून घेतलेली दिसतेय!"

बशीरभाईंनी त्याच दिवशी दिवा बदलला. "ह्यात पिवळट उजेडाचा पण मिळतो, वहिनी. आता वरणाला सोडा!"

*

शुभाकाकूंचे जुने बल्ब निघाले, ते चाळीसच्या चाळीस चालू होते. काकू ते टाकू देईनात. "चांगली चालती वस्तू टाकायची? नाशिकला उपयोगी पडतील!"

बॅगेतला खजूर काढला. एकेक बल्ब मोज्यात घातला, मोजे साडीत गुंडाळले आणि काकू विमानात बसल्या. एक बल्ब फुटला नाही! दोन दिवसांनी थेट ऑफिसात फोन.

"वैशाली, अगं इथे सगळे होल्डर पिनेचे! ह्या पेचाच्या बल्बांचं मी काय करू?"

"काय करणार काकू, आणा परत."

"परत कशाला? बशीरला सांग, चाळीस होल्डर पाठव म्हणावं!"

*

जानेवारीपासून माझं रजिस्टर ओस पडलं. दिवे एकदा लागले ते लागले. आठवडेच्या आठवडे एक बल्ब उडायचा नाही. कंपाउंडात सगळे खूश आणि मला रोज सकाळी ते कोरं पान बघून धस्स व्हायचं. बशीरभाई शिडी पुसत बसायचे. त्यातच वर्ल्ड कपच्या लॉटरीत त्यांना तिकीट लागलं, रय्यानच्या स्टेडियमचं.

"कोणाची मॅच?" मी विचारलं.

"कोणाची का असेना!"

मार्चमध्ये हेड ऑफिसची मेल आली. एप्रिलभरात लाईटच्या दहा तक्रारी आल्या तर दोघंही इलेक्ट्रिशियन राहतील. नाहीतर जूनमध्ये एक जाईल, खलास.

मी कोणाला काही शिकवलं नाही. फक्त शुभाकाकूंना ती मेल वाचून दाखवली. आणि एकदा काकूंना सांगितलं, की मग दवंडी पिटायला वेगळा माणूस लागत नाही.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात चौदा नंबरचा फोन. हॉलमधला दिवा गेला! मग सहा नंबर. मग नऊ. पुन्हा चौदा. बशीरभाई प्रत्येक घरातून डोकं खाजवत परत यायचे.

"बाय, दिवा गेलेला नसतो. अर्धा पेच ढिला असतो. सगळ्यांकडे अर्धाच कसा?"

"वाऱ्याने होत असेल."

"घरात वारा?"

"एसीचा!"

शुभाकाकूंनी तर सांगितलं, वरच्या मजल्यावर मुलं उड्या मारतात. त्यांच्या वरच्या मजल्यावर गच्ची आहे!

बशीरभाईंनी आपल्या हाताने दोन तक्रारी खोडल्या. "दिवा ढिला व्हता, ही काय तक्रार म्हणायची?" म्हणे. इतका राग आला मला, सांगते! चांगुलपणालाही काही मर्यादा असते की नाही?

एप्रिलची तीस तारीख. दुपारचे पावणेपाच. पाच वाजता रिपोर्ट जायचा होता. नबील सर आतून आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"मॅडम, हाऊ मेनी?"

"नाईन, सर."

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. चौदा, सहा, नऊ, चौदा, सहा, सगळ्यांवर बोट फिरवलं. खोडलेल्या दोन ओळींवर बोट थांबलं. मला वाटलं, आता विचारतात, ह्या सगळ्या तुमच्याच लोकांच्या व्हिला कशा? काय सांगायचं, मी मनात जुळवायला लागले. फोन वाजेल म्हणून फोनकडे बघत होते. फोन काही वाजेना.

पाचला दहा कमी असताना सरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"राईट डाऊन, मॅडम. मेंटेनन्स ऑफिस. लाईट नॉट वर्किंग. कॉल बशीर."

मी वर दिव्याकडे पाहिलं. खाली मान घातली आणि लिहिलं.

बशीरभाई शिडी घेऊन आले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा छताकडे बघितलं.

"सर," ते म्हणाले, "लाईट तो चालू है!"

नबील सर कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाइप करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बशीर, यल्ला! चेंज."