आईच्या जागी एक नळी

हैदराबादला समुद्र नाही. तरीही इथल्या एका प्रयोगशाळेत मीठ कालवून समुद्राचं पाणी करतात. तिथे ऑक्टोपसची अंडी सांभाळणारा माणूस मला बातमीच्या निमित्ताने भेटला. मलकपेठचा, पन्नाशीचा. माझं मराठी ऐकून तोही मराठीत बोलू लागला.

मादी मेली होती. ती असती, तर अंड्यांवर सतत पाण्याचे झोत सोडत राहिली असती. आता ते काम एक नळी करत होती. झोत कमी पडला तर अंड्यांना बुरशी लागते, जास्त झाला तर पिल्लं अपुऱ्या दिवसांची बाहेर पडून मरतात. तो आधी मीटर बघायचा, मग मनगट पाण्यात धरायचा आणि नळ किंचित फिरवायचा.

टाकीवर काळं कापड होतं. मी कॅमेरा काढला.

"काका, एकच फोटो. हे साहेब फ्लॅश मारून लगेच निघतील," तिथली तरुण संशोधक म्हणाली.

"नक्को, मॅडम. आतून पिल्लांचे डोळे दिसायलेत. उजेडाला दचकली तर आजच बाहेर पडतील. त्यांची शिदोरी, म्हणजे अंड्यातला बलक, अजून पोटाला बांधलेली आहे."

"पेपरात तुमचं नाव येईल," मी म्हणालो.

"माझं नाव छापून पिल्लं जगतील का, साहेब?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

पाचव्या दिवशी संशोधकाचा फोन आला. पिल्लं बाहेर आली होती आणि पोहत होती. "आता येऊ का?" मी विचारलं. तिने त्याला विचारलं. मागून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हौ, या म्हणावं. पण उद्या. आज त्यांची पहिली पंगत बसायलीय."